ब्याऐंशी पावलं

खेळाडू त्यांना तोंडावर ‘सर’ म्हणत आणि पाठीमागे ‘बिऱ्हाडे सर’. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. एकतीस वर्षांत चौदा क्लब बदललेल्या फुटबॉल मॅनेजरला दुसरं काय म्हणणार? हे नाव पाचव्या की सहाव्या क्लबात पडलं आणि मग त्यांच्या आधीच पुढच्या गावी पोहोचू लागलं. ते तपकिरी बॅग घेऊन बसमधून उतरेपर्यंत ड्रेसिंग रूममध्ये पैजा लागलेल्या असत. हे किती महिने टिकतील? चार, की पाच?

सरांना हे ठाऊक होतं. ते बॅग कोपऱ्यात ठेवत, बूट काढून कॅनव्हासचे पातळ तळव्याचे जोडे घालत आणि कोणाशी एक शब्द न बोलता मैदानावर जात. एका बाजूच्या रेघेवर टाच टेकवून समोरच्या रेघेपर्यंत सरळ चालत. मग वहीत एक आकडा लिहीत. खेळाडूंची नावं दुसऱ्या पानावर असत.

ही सवय मोजणी खात्यातली. विसाव्या वर्षी ते खात्यात साखळी ओढणारे म्हणून लागले. तिथल्या म्हाताऱ्या मोजणीदाराने त्यांना तीनशे मीटरच्या रस्त्यावर महिनाभर रोज चालवलं. तीनशे मीटरला चारशे पावलं, ना एक कमी ना एक जास्त. “साखळी गंजते, टेप ताणली जाते,” म्हातारा म्हणायचा. “पाऊल एकदा बसलं की बसलं.” पंचाहत्तर सेंटिमीटरचं ते पाऊल सरांच्या अंगात असं मुरलं की लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा त्यांनी नकळत स्टेजची लांबी मोजली होती. बायको आजही तो किस्सा सांगते. “मला वाटलं, हे माझ्याकडे बघत येतायत. हे फरशा मोजत होते!”

संध्याकाळी ते खात्याच्या संघात बचावफळीत खेळत. सत्ताविसाव्या वर्षी डावा गुडघा कायमचा दुखावला. खेळणं सुटलं, मैदान सुटेना. खात्यातली कायमची नोकरी सोडून त्यांनी एका छोट्या क्लबचं मॅनेजरपद धरलं, तेव्हा सासऱ्यांनी दोन महिने बोलणं टाकलं होतं.

त्या पहिल्याच क्लबात त्यांना एक गोष्ट उमगली. त्यांचे बॅक हळू होते आणि समोरचे विंगर वाऱ्यासारखे. बॅकला पळायला शिकवायला वर्ष लागलं असतं. मैदान अरुंद करायला एक सकाळ पुरली. प्रत्येक लीगच्या नियमात मैदानाची किमान आणि कमाल रुंदी दिलेली असते आणि या दोन आकड्यांच्या मध्ये यजमान क्लब रेघ कुठेही मारू शकतो. सरांनी रेघा दोन्ही बाजूंनी आत ओढल्या. विंगरना पळायला जागाच उरली नाही. ते तिथे होते तोवर घरच्या मैदानावर त्यांचा संघ एकदाच हरला.

पुढे हीच त्यांची ओळख झाली. एका क्लबात अध्यक्षांच्या जावयाला सेंटर फॉरवर्ड करायला नकार दिला म्हणून उचलबांगडी झाली. एका क्लबात सामना चालू असतानाच लाउडस्पीकरवरून नव्या मॅनेजरचं स्वागत झालं आणि सर बाकावर बसून टाळ्या ऐकत राहिले. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्यांनी नव्या माणसाला वही दाखवली, कोणाचा कुठला पाय दुखतो ते सांगितलं आणि मगच गाशा गुंडाळला. दोन अर्धवट हंगाम परक्या देशातही काढले, दोन वेगवेगळ्या क्लबांत. तिथली भाषा येत नव्हती. टेबलावर पाण्याच्या बाटल्या मांडून ते डावपेच शिकवत आणि कुठली बाटली म्हणजे कोण यावरून गोलकीपरशी भांडत.

बायको मात्र पहिल्या पाच बदल्यांनंतर फिरायची थांबली. ती शिंपीण होती. शिवणयंत्र हलवलं की गिऱ्हाईक तुटतं, नव्या गावात ओळख व्हायला वर्ष जातं, आणि वर्ष व्हायच्या आत निघायची वेळ येते. शाळेच्या फॉर्मवर ‘कायमचा पत्ता’ लिहिताना मुलगी एकदा म्हणाली, “आईचा लिहू की बाबांच्या बॅगेचा?” तेव्हाच बायकोने ठरवलं आणि नवऱ्याला स्पष्ट सांगितलं.

“तुमच्यावर राग नाही. पण आता मी इथून हलणार नाही. एका गावात एक अख्खा हंगाम काढा आणि त्याच क्लबात दुसरा सुरू करा. मग मी मशीनसकट येते.”

“एवढंच ना?” सर म्हणाले होते.

त्या ‘एवढंच ना’ला बावीस वर्षं झाली; क्लब बदलत राहिले, दोन क्लबांमधला रिकामा काळ घरी नव्या बोलावण्याची वाट बघत गेला. मुलीचं लग्न झालं, ती तिच्या घरी रमली. सर अठ्ठावन्न वर्षांचे झाले आणि चौदाव्या क्लबात पहिल्यांदाच हंगामाचा शेवटचा रविवार त्यांना नोकरीत असताना दिसत होता.

त्या रविवारावर सगळं येऊन ठेपलं होतं. संघ तळापासून तिसरा होता. खालचे दोन संघ खालच्या लीगमध्ये जाणार होते. शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली तरी ते वाचत होते. हरले तर खाली. क्लबच्या सेक्रेटरींनी, म्हणजे सिमेंटचा धंदा असलेल्या एका जाड, घामेजल्या, मनाने वाईट नसलेल्या गृहस्थांनी, आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, “सर, वाचलो तर पुढचा हंगाम तुमचा, मी कमिटीकडून तोंडी कबूल करून घेतलंय. बुडालो तर माझं कोणी ऐकणार नाही.”

समोरचा संघ तगडा होता, त्याचे दोन्ही विंगर लीगमधले सर्वांत वेगवान. सरांनी सोमवारीच रेघा आत घ्यायचं ठरवलं. या लीगमध्ये किमान रुंदी साठ मीटर. साठ मीटर म्हणजे ऐंशी पावलं. सर नेहमी दोन पावलं वर ठेवत. ब्याऐंशी पावलं झाल्यावर त्यांनी टाच रुतवली आणि मैदानकाकांना म्हणाले, “इथे मारा.”

मैदानकाका म्हणजे मैदानाची देखभाल करणारे गृहस्थ, सरांहून दोन वर्षांनी मोठे. त्यांनी चुन्याची गाडी थांबवून डोकं खाजवलं. “टेप लावून बघू का एकदा? म्हणजे टेप नाहीये, गंजून तुटली. पण आणू कुठून तरी.”

“काका, माझं पाऊल चाळीस वर्षांत चुकलेलं नाही.”

“तुमचं पाऊल, तुमची रेघ,” असं म्हणत काकांनी गाडी ढकलली. आठवडाभर संघ त्याच रेघांमध्ये सराव करत राहिला. बॅकना रेघ खाली न बघताही कळली पाहिजे, असा सरांचा आग्रह होता.

रविवारी सकाळी आठच्या बसने बायको आली. शेवटचा सामना बघायला ये, असं सरांनीच कळवलं होतं. सामना तीनला होता. सर तिला मैदान दाखवायला घेऊन गेले. क्लबच्या आवारातली त्यांची खोलीसुद्धा त्यांनी इतक्या उत्साहाने दाखवली नव्हती.

“बघ हं,” ते म्हणाले आणि रेघेवर टाच टेकवून चालू लागले. ब्याऐंशीव्या पावलाला ते बरोबर समोरच्या रेघेवर उभे होते. “काय म्हणतेस?”

ती मागून चालत आली होती. तिची नजर जमिनीवर होती.

“डावा पाय आखूड पडतोय तुमचा.”

“काहीतरीच काय!”

“अहो, तुम्ही दोन पँटी पाठवल्या होत्यात ना दुरुस्तीला, दोन्हींची डावी मोहरी टाचेकडे झिजलेली. मला तेव्हाच कळलं, गुडघा सरळ होत नाहीये यांचा. फोनवर विचारलं तर ‘ठणठणीत आहे’ म्हणालात.”

“गुडघ्याचं आणि मोजमापाचं काय? पाऊल माझ्या डोक्यात आहे.”

“डोक्यात असेल. पडतं जमिनीवर.” तिने पिशवीतून शिवणकामाची टेप काढली. ही टेप तिच्याजवळ नाही असा दिवस सरांनी पाहिला नव्हता. “दहा पावलं चाला. मुद्दाम मोठी टाकू नका, मला कळेल.”

सर हसत चालले. बायको गुडघ्यावर बसून दीड मीटरची टेप पुढे पुढे सरकवत आली. मैदानकाकाही येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“सात मीटर दहा,” ती म्हणाली.

साडेसात व्हायला हवे होते. सर पुन्हा चालले. पुन्हा सात दहा. तिसऱ्यांदा त्यांनी मनात आकडे न म्हणता चालून पाहिलं. सात मीटर आठ.

सर खाली गवतावर बसले. गणित करायला त्यांना वही लागली नाही. एकाहत्तर सेंटिमीटर गुणिले ब्याऐंशी. अठ्ठावन्न मीटर आणि थोडं वर. नियमापेक्षा जवळजवळ दोन मीटर कमी. असं मैदान सापडलं तर सामना न खेळताच हरल्याचा निकाल लागतो. बरोबरी नाही, काही नाही.

सेक्रेटरी तोवर खुर्च्या मांडून घ्यायला आले होते. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. “सर, कोण मोजतंय हो? रेफरी जाळी बघतो, झेंडे बघतो. वर्षानुवर्षं मी बघतोय. गप्प बसा.”

“त्यांचा मॅनेजर मोजेल.”

“कशावरून?”

“आठव्या क्लबात तो माझा असिस्टंट होता. परक्या मैदानावर गेलं की पहिलं टेप काढायची, हे मीच शिकवलंय त्याला.”

सेक्रेटरींचा चेहरा चुन्यासारखा झाला. “मग टेप न वापरता तुम्ही स्वतः...”

“घरच्या मैदानावर मला टेप लागत नाही असं मी त्याला म्हणायचो,” सर म्हणाले आणि उठले. उठताना डाव्या गुडघ्यावर हात टेकवला. तो हात त्यांनी पहिल्यांदाच लपवला नाही. “आणि तो मोजो न मोजो, अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न. काका, चुना भिजवा. सगळ्या पोरांना बोलवा.”

साडेनऊ वाजले होते. रविवार असल्याने हार्डवेअरची दुकानं बंद. काकांनी कपडे वाळत घालायचा जाड दोर आणला. बायकोने तो व्हरांड्यातल्या फरशीवर पसरला आणि दीड मीटरच्या टेपने दहा वेळा मोजून पंधरा मीटरवर लाल दोऱ्याची गाठ मारली. काका दोर खेचायला लागले तशी ती ओरडली, “ओढू नका! ताणला की खोटं बोलतो तो. कापडासारखा पसरा.” मग चार दोर म्हणजे साठ मीटर. वर अर्धा मीटर सोडायचा. गोल मध्यभागी राहायला हवेत म्हणून दोन्ही बाजूंच्या रेघा सारख्याच बाहेर न्यायच्या. प्रत्येकी एक मीटर पंधरा. चारही कोपरे, कोपऱ्यांचे झेंडे, गोलरेघांची टोकं, सगळं नव्याने.

खेळाडू जमले. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “चूक माझी आहे. माझं पाऊल आखूड झालंय आणि मला ते कळलं नाही. आठवडाभर तुम्हाला मी चुकीच्या मैदानावर खेळवलं. आता जुन्या रेघा पुसायच्या आणि नव्या मारायच्या. एक वाजेपर्यंत.”

गोलकीपर, जो संघाचा कप्तान होता आणि तोंडाचा फाटका होता, बादली उचलून म्हणाला, “चला रे. सामना हरलो तर निदान झाडलोटीची नोकरी तरी मिळेल.”

“तुला तीही नाही मिळणार,” उजवा बॅक म्हणाला. “एवढा वेळ झाडू धरून उभाच आहेस.”

खराटे, बादल्या, पोती, जे मिळेल ते घेऊन अठरा जण रेघा घासत राहिले. चुना धुऊन निघाला. पण चुन्याने आठवडाभरात गवताचा रंग उडवला होता. दोन्ही बाजूंना पिवळट पट्टा राहिलाच, हाताच्या पंजाएवढा रुंद. काकांनी त्यावर माती टाकून पाहिली. आणखी उठून दिसायला लागला.

“राहू दे,” सर म्हणाले. “रेफरीला दाखवून ठेवू. पांढरी रेघ तीच खरी.”

दोन वाजता पाहुणा संघ आला. त्यांच्या मॅनेजरने सरांना वाकून नमस्कार केला, तब्येत विचारली आणि लगेच रेफरीकडे जाऊन म्हणाला, “साहेब, मैदान मोजून घेऊ.” त्याने खिशातून नवी कोरी पोलादी टेप काढली. सर हाताची घडी घालून बघत राहिले. सेक्रेटरी खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

“साठ मीटर अठ्ठेचाळीस,” रेफरी म्हणाला.

मॅनेजर सरांकडे वळला. “सर, तुम्ही अजून पावलांनीच?”

“नाही रे. दोरानं. बायकोच्या.”

सामना सुरू झाला. पहिला अर्धा तास संघ चिवटपणे लढला. मैदान अरुंद होतंच, फक्त आठवड्याभरात अंगात भिनलं होतं तेवढं नव्हतं. आणि तिथेच घात झाला. चौतिसाव्या मिनिटाला पलीकडच्या बाजूने त्यांचा विंगर चेंडू घेऊन धावला. उजवा बॅक त्याच्या अंगालगत होता. पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे चेंडू गेला आणि बॅक हात वर करून थांबला, बाहेर म्हणून. पांढरी रेघ अजून एक मीटर पंधरा लांब होती. विंगर थांबला नाही. क्रॉस आला, हेडर बसला, गोल.

बॅक दोन्ही हात डोक्यावर ठेवून तिथेच उभा राहिला. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, “बिऱ्हाडे, बॅग भरा!”

सरांच्या मनात क्षणभर आलंच, की आपण गप्प बसलो असतो तर... पण टेप डोळ्यांसमोर आली आणि तो विचार गळून पडला. मध्यंतराला बॅक मान वर करेना. सर त्याच्या समोर बाकावर बसले.

“रेघ कोणी शिकवली तुला?”

“तुम्ही.”

“मग गोल माझ्या नावावर लिही. आता ऐक. खाली बघून रेघ शोधायची नाही. माणूस बघायचा.” ते बाकीच्यांकडे वळले. “अलीकडच्या बाजूला मी उभा असेन, पांढऱ्या रेघेला लागून. पलीकडच्या बाजूला तिघं राखीव वॉर्म-अप करतील, रेफरीला विचारून. रेघेच्या बाहेर, एका ओळीत. जोपर्यंत चेंडू रेघेबाहेर उभ्या असलेल्या आपल्या माणसाच्या पायाशी जात नाही तोपर्यंत तो आतच आहे. पळत राहा.”

दुसऱ्या अर्ध्यात पंचेचाळीस मिनिटं सर एकदाही खाली बसले नाहीत. गुडघा ठणकत होता. त्यांनी त्याला ठणकू दिलं. पलीकडे तिघं राखीव खेळाडू पाय झटकत, उड्या मारत कुंपणासारखे उभे होते. उजव्या बॅकने विंगरला तीनदा अडवलं, तिसऱ्यांदा पार पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर घसरत जाऊन. चेंडू पांढऱ्या रेघेच्या आतच राहिला. त्याने तो उठून पुढे मारला, पुढच्याने कॉर्नर मिळवला. एक्क्याऐंशीवं मिनिट. कॉर्नर आला, गोलसमोर गर्दी झाली, चेंडू कोणाच्या पाठीला की खांद्याला लागला आणि हळूच, लाजल्यासारखा, जाळीत गेला. तो गोल कोणाचा यावर ड्रेसिंग रूममध्ये पुढे अर्धा तास वाद झाला.

उरलेली मिनिटं गोलकीपरने शिव्या देत आणि अंग झोकून देत काढली. एक-एक. शिट्टी वाजली तेव्हा सेक्रेटरी आधी काकांच्या गळ्यात पडले, मग चूक लक्षात येऊन सरांकडे धावले.

“सर, पुढचा हंगाम!” ते धापा टाकत म्हणाले. “एकच अट आहे, टेप विकत घेतोय मी.”

“दोन घ्या,” सर म्हणाले. “एक तुटते.”

ऊन उतरायच्या आत सर आणि बायको क्लबच्या आवारातल्या खोलीवर आले. एक पलंग, एक टेबल, खिडकी, आणि कोपऱ्यात तपकिरी बॅग, नेहमीप्रमाणे बंद. बायकोने ती बॅग उचलून पलंगाखाली ढकलली. मग खिडकीपाशी जाऊन उजेड कुठून येतो ते बघितलं.

“मशीन इथे बसेल का?” ती म्हणाली.

सर भिंतीला टाच टेकवून उभे राहिले. “थांब, सांगतो. साधारण तीन...”

“अहो,” ती म्हणाली, “टोक धरा.” आणि टेपचं एक टोक तिने त्यांच्या हातात दिलं.